नकाशाची साक्ष

१९८६ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात ज्यूरीसमोर एक फार अवघड प्रश्न ठेवण्यात आला. जवळच्या वोबर्न गावाला पाणी पुरवणाऱ्या दोन विहिरी १९७९ मध्ये बंद केल्या होत्या, कारण त्यांच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे कारखान्यांत वापरले जाणारे द्रावक सापडले होते. गावातल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता आणि त्यांच्या घरच्यांनी आसपासच्या कंपन्यांना न्यायालयात खेचले होते. ज्यूरीने सांगायचे होते ते हे : अमुक कंपनीच्या आवारातले रसायन जमिनीखालून वाहत या विहिरींपर्यंत कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात पोचले? तज्ज्ञांच्या परस्परविरोधी साक्षी ऐकलेल्या त्या सामान्य नागरिकांनी आपल्या परीने उत्तरे दिली. एक कंपनी सुटली. दुसरीबद्दलची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून न्यायाधीशांनी फेरसुनावणीचा आदेश दिला, आणि शेवटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

या खटल्याच्या मुळाशी गावकऱ्यांनी केलेला एक साधा नकाशा होता. एका आजारी मुलाच्या आईने आणि तिथल्या पाद्र्याने गावात कुठे कुठे अशी मुले आहेत हे विचारून काढले आणि त्यांची घरे नकाशावर मांडली. बरीच खूणचिन्हे गावाच्या पूर्वेला एकवटली. पुढे बऱ्याच वर्षांनी ओहायो स्टेट विद्यापीठातल्या स्कॉट बेअर आणि माउरा मेथनी या भूजलशास्त्रज्ञांनी त्या खोऱ्याचे संगणकीय प्रारूप उभे केले. नदी, वाळूचे थर, विहिरींचा उपसा हे सगळे त्यात घालून कोणत्या आवारातले पाणी किती काळात कुठे पोचले असेल याचा माग त्यांनी काढला. आईने केलेला नकाशा आणि विद्यापीठातले हे प्रारूप यांच्यामध्ये जे मोठे अंतर आहे, तोच या पुस्तकाचा विषय. प्रदूषणाच्या वादात नकाशा साक्षीला उभा राहतो, तेव्हा त्याची उलटतपासणी कशी करायची, आणि ती झाली तरी तो टिकेल असा नकाशा मुळात कसा करायचा, हे यात पाहायचे आहे.

वाचकांमध्ये वकील असतील, भूगोलाचे आणि भूशास्त्राचे विद्यार्थी असतील, प्रदूषण नियंत्रण मंडळात नुकतेच रुजू झालेले अधिकारी असतील, आणि ज्यांच्या विहिरीचे पाणी बिघडले आहे असे शेतकरीही असावेत अशी मनापासून इच्छा आहे. या विषयात कोणीही पूर्ण तयारीनिशी येत नाही. वकिलाला भूजल कळत नाही, भूशास्त्रज्ञाला पुराव्याचा कायदा माहीत नसतो, आणि ओढ्याचे पाणी कोणत्या महिन्यात काळे होते हे या दोघांपेक्षा बांधावरच्या माणसाला नेमके ठाऊक असते. म्हणून आपल्याला अर्धेच कळते या संकोचाने कोणी दाराशी थांबू नये.

भौगोलिक माहिती प्रणाली, जिला आपण सगळे सर्रास जीआयएस म्हणतो, तिचे मूळ तत्त्व सोपे आहे. पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला अक्षांश-रेखांशाचा पत्ता देता येतो, आणि एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या नोंदी एकमेकींवर ठेवून पाहता येतात. कारखान्याची हद्द, सांडपाण्याचा नाला, जमिनीचा उतार, खडकाचा प्रकार, विहिरी, पाण्याचे तपासणी अहवाल, गावातल्या आजारांच्या नोंदी असे सगळे थर एकत्र आले की वादातला मुख्य प्रश्न डोळ्यांसमोर येतो : घाण निघाली कुठून, गेली कोणत्या वाटेने, आणि पोचली कोणापर्यंत. कायद्याच्या भाषेत कारणसंबंध म्हणतात तो सिद्ध करताना बहुतेक दावे या मधल्या वाटेवरच अडकतात.

ही वाट कागदावर कशी उमटते हे जवळून पाहायचे तर कॅलिफोर्नियातल्या हिंकलीइतके चांगले उदाहरण नाही. मोहावी वाळवंटातल्या या वस्तीजवळ पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीचे वायुवाहिनीचे केंद्र आहे. तिथल्या शीतक मनोऱ्यांना गंज चढू नये म्हणून क्रोमियम-६ वापरत आणि १९५२ ते १९६६ या काळात ते सांडपाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडत. १९९६ मध्ये कंपनीने रहिवाशांशी ३३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. त्यावरचा ‘एरिन ब्रॉकोविच’ हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. चित्रपट तिथे संपतो, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने हिंकलीची खरी कथा तिथून सुरू होते. कारण जमिनीखालचा दूषित पाण्याचा पट्टा, ज्याला प्लूम म्हणतात, तो तसाच होता आणि त्याची हद्द ठरवणारी रेषा नकाशावर वारंवार नव्याने काढावी लागत होती.

ही रेषा कोणी जमिनीवर पाहिलेली नसते. निरीक्षण विहिरी खणलेल्या असतात, प्रत्येकीतल्या पाण्यात क्रोमियम किती हे प्रयोगशाळा सांगते, आणि दोन विहिरींच्या मधल्या जागेत किती असेल याचा अंदाज गणिताने बांधला जातो. क्रिगिंगसारख्या पद्धती जवळच्या विहिरींना जास्त आणि लांबच्यांना कमी वजन देऊन हे काम करतात. मग ठरावीक प्रमाणाच्या जागा जोडून रेषा ओढतात. हिंकलीत ते प्रमाण होते लिटरमागे ३.१ मायक्रोग्रॅम. २००७ च्या सर्वेक्षणातून, त्या भागात निसर्गतःच एवढे क्रोमियम असू शकते, असा निष्कर्ष निघाला होता. साहजिकच रहिवाशांनी विचारले की ज्या विहिरींवरून ‘नैसर्गिक’ पातळी ठरवली, त्या आधीच दूषित नव्हत्या हे कशावरून? हा आकडा थोडा खाली-वर झाला की रेषा सरकते, आणि रेषा सरकली की काही घरे आत येतात, काही बाहेर जातात. घर आत आले की पिण्याचे पर्यायी पाणी मिळण्याचा मार्ग खुला होतो आणि घराला बाजारात गिऱ्हाईक मिळेनासे होते. २०१० च्या सुमारास प्लूम आधी दाखवला होता त्यापलीकडे असल्याचे दिसले. कंपनीने घरे विकत घेतली, वस्ती विरळ होत गेली, आणि २०१३ मध्ये गावातली शाळा बंद झाली.

भूजलाच्या नकाशात काही रेषा अखंड असतात, काही तुटक. तुटक रेषेचा अर्थ असा की इथे पुरेशा विहिरी नाहीत, हा आमचा अंदाज आहे. प्रामाणिक नकाशाकाराची ही सर्वांत महत्त्वाची खूण. नकाशा अहवालातून अर्जात जातो, अर्जातून बातमीत जातो, आणि या प्रवासात तुटक रेषा हळूच अखंड होऊन बसते. समोर आलेल्या कोणत्याही प्लूमच्या नकाशात नव्या वाचकाने आधी विहिरींचे ठिपके मोजावेत, रंग नंतर पाहावेत. पाच ठिपक्यांवर रंगवलेला सुबक लाल पट्टा पाच ठिपक्यांइतकेच सांगत असतो.

आपल्याकडे तर या बाबतीत आणखी सावध राहायला हवे. वोबर्न आणि हिंकली इथली जमीन वाळू-गाळाची आहे. पाणी तिच्यातून बऱ्यापैकी सलग झिरपते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमात, भेगांत, सांध्यांत आणि लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या सच्छिद्र थरांत. एका विहिरीला बारमाही पाणी आणि पन्नास पावलांवरची बोअर कोरडी, हे दख्खनच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मध्येच एखादा डाइक, म्हणजे कातळात उभी घुसलेली खडकाची भिंत, आली तर ती कुठे पाणी अडवते, आणि तिच्याच भेगांतून कुठे पाणी लांबवर जातेही. अशा ठिकाणी वाळूसाठी घडवलेले गणित जसेच्या तसे लावून गुळगुळीत वर्तुळे काढली, तर जवळची दूषित विहीर सुटते आणि लांबची स्वच्छ विहीर रंगवली जाते. कारखान्याच्या वकिलाला एवढी एक चूक पुरते. बेसाल्टसाठी आधी भेगांची दिशा, थरांचा उतार आणि विहिरींची खोली मांडावी लागते. प्रमाणांच्या रेषा त्यानंतर. या विषयात मराठी मुलखातून नवे काम व्हायला सर्वांत मोठा वाव आहे तो इथे, असे मला ठामपणे वाटते.

उपग्रहांबद्दल नव्या वाचकाच्या अपेक्षा बहुधा अवास्तव असतात. लँडसॅटची छायाचित्रे १९७२ पासूनची आहेत, आणि २००८ पासून तो सगळा संग्रह विनामूल्य खुला झाला. युरोपचा सेंटिनेल-२ जमिनीवरचे १० मीटरपर्यंतचे बारकावे टिपतो. कारखान्यामागची राखेची टेकडी कोणत्या वर्षी वाढली, तळे कधी खोदले, ओढ्याकाठची हिरवाई कधी सुकली, हे यातून दाखवता येते, आणि ‘आम्ही आलो तेव्हा जागा अशीच होती’ या बचावाला त्यातून उत्तर मिळते. पण पाण्यात विरघळलेला पारा किंवा क्रोमियम उपग्रहाला दिसत नाही. त्याला दिसतो तो परिणाम : पानांचा मंदावलेला जोम, पाण्याचा बदललेला रंग, गढूळपणा. आणि पीक सुकायला अवर्षणही पुरते. समुद्रावरच्या तेलाचेही तसेच. तवंगामुळे लाटा दबतात, म्हणून रडारच्या प्रतिमेत तो काळा दिसतो. वारा पडलेले शांत पाणीही तसेच काळे दिसते. त्यात आपला पावसाळा. सांडपाणी पुराच्या पाण्यात सोडून देतात ही किनाऱ्यावरच्या आणि खाडीकाठच्या लोकांची जुनी तक्रार आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यांत कोकणावर ढग असतात. रडार ढगांतून पाहते, पण त्याला पाण्याचा रंग कळत नाही. त्यामुळे उपग्रहाची साक्ष नेहमी जमिनीवरच्या नमुन्यासोबतच उभी करावी.

नमुन्याच्या बाबतीत आपला कायदा फार बारकाईने बोलतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्यांवर खूण करून सील लावायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही रीत पाळली नाही तर त्या नमुन्याचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. कितीतरी खटले या एका कलमापाशी अडखळतात. आता विचार करा : बाटलीवर सील आहे, पण ती बाटली कुठे भरली? ‘कंपनीच्या मागच्या नाल्यातून’ एवढीच नोंद असेल तर नाल्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, कंपनीच्या पाइपाआधी की नंतर? सगळा वाद त्या काही मीटरांत असू शकतो. हातातल्या फोनचा जीपीएस मोकळ्या जागी काही मीटरांच्या आत अचूक असतो; झाडीत, दरडीखाली, पत्र्याच्या शेडजवळ तो भरकटतो. म्हणून निर्देशांक, वेळ, यंत्राने दाखवलेली अचूकता, दोन दिशांनी काढलेले छायाचित्र आणि शेजारच्या पक्क्या खुणेपासूनचे अंतर, हे सगळे बाटली भरतानाच पंचनाम्यात उतरले पाहिजे. बाटलीइतकीच काळजी बिंदूची घ्यायला हवी.

बिंदू कोणी मांडला हा प्रश्न किती खोल जातो हे अमेरिकेतल्या २०१५ च्या लिझारागा-तिराडो खटल्यात दिसले. तो प्रदूषणाचा खटला नव्हता. आरोपीला देशाच्या सीमेच्या अलीकडे पकडले की पलीकडे, एवढाच मुद्दा होता, आणि सरकारने गूगल अर्थची एक प्रतिमा दाखल केली होती. तिच्यावर एक टाचणी होती आणि टाचणीजवळ अक्षांश-रेखांश. ही ऐकीव साक्ष आहे, असा आरोपीचा आक्षेप. अपील न्यायालयाने प्रतिमा आणि टाचणी यांचा वेगवेगळा विचार केला. छायाचित्र स्वतः काही विधान करत नाही. टाचणी माणसाने हाताने लावून नाव दिले असेल तर ते त्या माणसाचे विधान, आणि त्याला तपासावे लागेल. पण निर्देशांक टंकले आणि टाचणी यंत्राने आपोआप लावली असेल, तर प्रश्न ऐकीव साक्षीचा राहत नाही. यंत्र भरवशाचे आहे का एवढाच उरतो. न्यायाधीशांनी स्वतः गूगल अर्थ उघडून तेच निर्देशांक घातले आणि टाचणी त्याच जागी पडली. प्रदूषणाच्या प्रत्येक नकाशाला हीच चाळणी लावता येते : यात यंत्राने काय मांडले आणि माणसाने काय ठरवले? ठिपके बहुधा यंत्राचे असतात. रंगांचे टप्पे, रेषेसाठी निवडलेले प्रमाण, नकाशाची चौकट, वगळलेल्या विहिरी हे सगळे माणसाचे. चौकट तर फारच परिणाम करते. आजाराच्या नोंदी तालुक्याच्या सरासरीत घातल्या तर कारखान्याशेजारची वाडी दिसेनाशी होते. उलट ठिपके पाहून झाल्यावर त्यांच्याभोवती हद्द आखली, तर कुठेही दाट पुंजका दाखवता येतो. हद्द आधी ठरवावी, ठिपके मागून मांडावेत, आणि हा क्रम लिहून ठेवावा.

भारतात २०१० च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला पुरावा कायद्याचे नियम बंधनकारक नाहीत. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांवर ते चालते, आणि पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. त्यामुळे तिथे नकाशाला दार लवकर उघडते. पण हाच वाद फौजदारी खटल्यात गेला की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ समोर येते. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवे. त्यात यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याचे आणि तज्ज्ञाचे असे दोन भाग, आणि फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल मागाहून बदललेली नाही हे पडताळायची संगणकीय खूण. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणूक वादातून, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणातून, आला : प्रमाणपत्र अनिवार्यच, मात्र मागूनही ते मिळाले नाही तर न्यायालयाला ते मागवण्याची विनंती करता येते. सरकारी खात्याकडून नकाशाची डिजिटल फाइल मागणाऱ्या गावकऱ्याला ही दुसरी ओळ फार उपयोगाची आहे.

नुकसानभरपाईपर्यंत गाडी आली की नकाशातले क्षेत्रफळ रुपयांत बदलते. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिच्छडीत एच-ॲसिड हे रसायन तयार करणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी काळपट झाले. त्या जमिनीची आणि पाण्याची पाहणी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने केली. सुमारे ३५० हेक्टर दूषित जमीन, आणि ती पूर्ववत करायचा खर्च ३७.३८५ कोटी रुपये. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालात या प्रकरणाला लावले, आणि रकमेचा वाद २०११ पर्यंत चालला. एवढी वर्षे दुसऱ्या बाजूचे वकील ज्यावर तुटून पडतात, त्या आकड्यामागचे प्रत्येक हेक्टर कसे मोजले याची नोंद भक्कमच असावी लागते.

आपल्याकडे भरपाई मिळते ती मात्र नकाशावरच्या ठिपक्याला नाही, गट नंबराला. आणि गट नंबर राहतात गाव नकाशात. हे जुने नकाशे ३३ फुटी साखळीने, तिचे सोळा आणे पाडून मोजलेले आहेत. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणावा, तो संगणकात घ्यावा, मंदिर, तिवाठा, जुनी विहीर अशा न हललेल्या खुणांवर बसवावा आणि खाली उपग्रह प्रतिमा टाकावी. मग कधी उत्तरेचे बांध तंतोतंत बसतात आणि दक्षिणेला ओढ्याच्या कडेने दहा-वीस मीटरांची तफावत निघते. ओढा सरकला, की कागद आकसला, की खूणच चुकली? जुन्या भारतीय भूमापन पद्धतीचे आणि आजच्या जीपीएसचे निर्देशांक न बदलता एकत्र केले, तर विहीर थेट शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसते. हे काम किचकट आहे, पण ते ज्याला जमले त्याचा नकाशा तहसीलदारापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना वाचता येतो, कारण त्यावर सातबाऱ्यातलेच नंबर असतात.

आजवर चांगले नकाशे बहुधा कंपनीकडे असत, कारण माहिती महाग होती आणि सरकारी नकाशांवर बंधने होती. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतातली बरीच बंधने उठवली. उपग्रह प्रतिमा विनामूल्य, नकाशाची सॉफ्टवेअरही विनामूल्य. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला या मच्छीमार समाजाची परिषद हरित न्यायाधिकरणात गेली, तेव्हा मासे कुठे मिळत आणि कुठे मिळेनासे झाले याची माहिती कोणत्याही सल्लागार संस्थेपेक्षा त्या समाजाकडेच अधिक होती. अशी माहिती बिंदूंत, तारखांसह उतरवण्याचे कौशल्य किनाऱ्यावरच्या तरुणांना आले पाहिजे, ही या पुस्तकामागची माझी सर्वांत मोठी आस आहे.

सुरुवात कुठून करायची असे विद्यार्थी विचारतात. वाद सुरू होण्याआधीपासून, असे मी त्यांना सांगतो. हिंकलीत जे भांडण रंगले ते मुळात ‘आधी पाणी कसे होते’ याचे होते, आणि ते सांगणारी निर्विवाद नोंद कोणाकडे नव्हती. नव्या औद्योगिक वसाहतीची अधिसूचना निघाली की भोवतालच्या गावांतल्या विहिरींची यादी करावी. प्रत्येकीचा गट नंबर, निर्देशांक, खोली, पाण्याची पातळी, खारटपणा पावसाआधी आणि पावसानंतर नोंदवावा, नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावेत, आणि त्या नोंदी ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडून ठेवाव्यात. भूगोलाचा एक शिक्षक आणि दोन वर्ग एवढ्या मनुष्यबळात हे होते. पुढच्या प्रकरणात त्याचा तक्ता आणि नोंदवहीचा नमुना दिला आहे. तो फाडून घेतला तरी चालेल.